किरकिऱ्या गेला म्हणे

पाखऱ्याकाका हट्टी होते हे सांगायला ज्योतिषी नको. ओढ्याकाठची सगळ्यात कसदार जमीन ज्याने उभ्या जन्मात नांगरली नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं? त्या पट्टीत कमरेएवढं गवत माजायचं आणि गवतात किरकिऱ्या राहायचा. किरकिऱ्या म्हणजे चिमणीहून लहान, मातकट रंगाचा, भलताच लाजाळू पक्षी. दिसायचं तर नावच नको. गवताच्या बुडाशी बसून अगदी बारीक आवाजात किर्र करत राहायचा, तेवढीच त्याची ओळख. नवख्याला वाटावं, कसला तरी किडा ओरडतोय.

गावाने काकांचं नाव पाखऱ्या पाडलं ते उगाच नाही. सगळं जग चारा कापतं ते कडेने सुरुवात करून आत आत. काका मधून सुरुवात करायचे आणि बाहेर बाहेर कापत यायचे. "कडेने घेरत गेलं की पिल्लं मधे अडकतात. त्यांना पळायला वाट नको?" असं त्यांचं म्हणणं. लोक हसायचे, हसू देत. अंड्यांच्या दिवसांत पट्टीत पाऊल टाकायची कुणाला सोय नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही. सकाळी चहाचे कप घेऊन नवराबायको बांधावर जाऊन बसायची आणि ऐकायची. तिथे बोलायचं नाही असा काकांचा नियम. न बोलता भांडणार कसं? त्यामुळे घरातली कितीतरी भांडणं त्या बांधावर आपोआप मिटली होती.

आणि आता ह्याच माणसाने ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं, "उद्या ये. ओढ्याकाठची पट्टीसुद्धा नांगरून टाक."

काकूंच्या हातातलं फडकं खाली पडलं. "अहो, आणि पाखरं?"

"कुठली पाखरं? किरकिऱ्या केव्हाच गेला."

"आज सकाळीच तर ओरडत होता!"

"पुरे कर. मला बरं वाटावं म्हणून रोज थापा मारतेस, कळत नाही का मला?"

झालं! काकूंच्या काळजात काटा रुतला तो हाच. खरी गोष्ट अशी की काकांचे कान गेले होते, पण पुरते नाही. गाय हंबरली की ऐकू यायचं, ट्रॅक्टर तर शिवेपलीकडचा कळायचा. फक्त बारीक आवाज तेवढे उडून गेले होते. काकूंनी एकदा भीतभीत तसं सुचवलं, तर काका उसळले, "तुझी बडबड ऐकू येते, गाय ऐकू येते, मग कान काय किरकिऱ्यापुरतेच गेले?"

त्याच दुपारी पुतणी आली. ती डॉक्युमेंट्री बनवते. काकांवर फिल्म करायची तिची जुनी इच्छा, आणि अजून शूटिंग नव्हतंच, नुसती आखणी करायला आली होती. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून उत्साहाने वाचायला लागली, "पहिला शॉट. काका बांधावर बसलेत, गवतातून किरकिऱ्याचा आवाज..."

"रिकाम्या गवताची फिल्म काढणार?" काका म्हणाले. "काकाची फजिती करायला आलीस होय गं?" आणि ताडकन उठून गोठ्यात गेले.

स्वयंपाकघरात काकूंनी पुतणीला सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा बांध फुटला. "गवतात अंडी असणार गं. ह्यांनी नांगर फिरवला आणि मागून कधी ह्यांना खरं कळलं, तर हा माणूस खचून जाईल. मी मेली खोटारडी ठरले ते राहू दे बाजूला."

पुतणीने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. मग म्हणाली, "सकाळी त्यांना बांधावर आणायचं काम तुझं. पुढचं मी बघते."

सकाळी काकू म्हणाल्या, "ट्रॅक्टर यायच्या आत एकदा बसून तरी घेऊ." ह्याला नाही म्हणायला काकांचं मन धजलं नाही. चहाचे कप घेऊन तिघं बांधावर बसली. पुतणीने पिशवीतून रेकॉर्डिंगचं मशीन काढलं आणि त्याचा माइक गवताकडे वळवला. किरकिऱ्याचं तर चाललंच होतं, शहाणा एकदाही दम घेत नव्हता. तिने हेडफोन काकांच्या कानावर चढवले आणि आवाज मोठा केला.

"काय येतंय?"

"ओढ्याचं पाणी. वारा." काकांनी हेडफोन काढून ठेवले. "बघितलंस? सांगत होतो ना." त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मग त्यांनीच मान वळवली. "ट्रॅक्टर आला वाटतं."

आला होताच.

"काका, एकच मिनिट," पुतणीची बोटं घाईने मशीनवर फिरली. "आत्ता जे टिपलं ते संथ करून लावते. संथ केलं की आवाज जाड होतो. ऐका."

काकांनी मोठ्या नाइलाजाने हेडफोन परत घातले. ट्रॅक्टरवाला बांधापाशी येऊन हाका मारायला लागला, तर त्यांनी न बघताच हात वर करून त्याला थांबवलं. तो हात तसाच वर राहिला.

"अगं, हा तर आपलाच!" काका ओरडले. कानावर हेडफोन असले की माणूस ओरडतोच. "पण असा दमून का बोलतोय? म्हातारा झाला की काय?"

पुतणी रडता रडता हसली. "मी संथ केलाय हो त्याला. तो आहे तसाच आहे, तरणाताठा. समोरच ओरडतोय, आत्ता."

काकांनी हेडफोन काढले आणि काकूंकडे बघत राहिले. "तू रोज सांगत होतीस."

"सांगत होते."

"आणि मी तुला..."

"जाऊ द्या. चहा गार होतोय."

काकांनी डोळे पुसले आणि ट्रॅक्टरवाल्यावर खेकसले, "आधी ते इंजिन बंद कर! आत अंडी आहेत. आणि असा बघत काय उभा राहिलास? बस, चहा घे." ट्रॅक्टरवाला मुकाट्याने बसला. त्याला कशातलंच काही कळलं नव्हतं, चहा तेवढा कळला.

पुतणीने कागदावरचा पहिला शॉट खोडला. नवा काय लिहावा म्हणून तिने वर बघितलं, तर नवरा-बायको बांधावर खांद्याला खांदा लावून बसली होती. किरकिऱ्या ओरडला की काकू बोट वर करायच्या, थांबला की खाली घ्यायच्या. काका गवताकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या बोटावर होती, आणि बोट वर गेलं की चेहरा उजळत होता.

एकदा बोट जरा जास्तच वेळ खाली राहिलं.

"गेला का गं?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही हो. श्वास घ्यायला थांबलाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बोट वर केलं.