राख पेटवून दाखवा

बन्सीलाल तायडेंनी भुसावळजवळच्या वीज केंद्रात तीस वर्षं बॉयलर सांभाळला. चिमणीचा धूर बघून कोळसा ओला की सुका, ते सांगत. त्यांनाच शेतातल्या भरीत पार्टीत जावई प्रशील शिकवू लागला, "मामा, आता कोळसा नकोच. धुरातला कार्बन डायऑक्साइडच इंधन!"

जावई पडला, म्हणून बन्सीलालांनी जीभ आवरली. वांगी भाजून उरलेली कपाशीच्या पऱ्हाट्यांची राख पुढे सरकवली. "ही पेटवून दाखवा. तो वायूही असाच, जळून मोकळा झालेला."

"तसा नाही पेटत, मामा. आधी भरपूर वीज लागते, मग इंधन बनतं."

"वीज कुठली?"

"तुमच्याच केंद्रातली!"

"म्हणजे जळालेला कोळसा परत मिळवायला आणखी कोळसा जाळायचा?" बन्सीलाल कडाडले. "वृषाली, तुझ्या नवऱ्याला भरीत वाढ. तोंड तरी बंद राहील!"