हाग्गयाचं ऐकलेली माणसं

शुक्रवारचं जेवण जरा जडच झालंय. हननेल झिराडकर कॉटवर आडवे होऊन घराच्या नव्या लाकडी छताकडे बघत पडलेत. मुलाने हौसेने करून घेतलंय. पण डोक्यातून मशीद जात नाही. गावातल्या बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, हे एवढंसं प्रार्थनाघर; त्याला ते मशीदच म्हणतात. छप्पर गळतंय, प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुषही जमत नाहीत, म्हणून रविवारी ठाण्याची मंडळी येऊन तिथला सेफेर तोरा, धर्मग्रंथाची ती जुनी गुंडाळी, घेऊन जाणार. मग कायमचं कुलूप. हो म्हणून बसलेत हननेलच. डोळे मिटतात, तरी जीव थाऱ्यावर नाही.

"झोपलात का हो?"

कॉटच्या कडेला मिल्का बसलीय. त्यांची बायको. जाऊन तीन वर्षं झाली, पण पदर तसाच खोचलेला. त्यांना इतका आनंद होतो, की तू कशी आलीस हे विचारायचं राहूनच जातं.

"छत झकास झालंय," ती म्हणते. "हाग्गय संदेष्ट्याच्या वेळचे लोकही असेच फळ्या मारलेल्या घरांत लोळत पडायचे."

मुलांना गोष्टी सांगायची तिची सवय काही गेलेली नाही. "चला, दाखवते."

दाराबाहेर अंगण नाहीच. यरुशलेम आहे. उन्हात दगडांचा नुसता ढीग, त्यात गवत माजलेलं.

"आपले लोक बाबेलच्या बंदिवासातून परतले, पर्शियाच्या बादशहाने परवानगी दिली, पाडलेल्या मंदिराचा पुन्हा पाया घातला," मिल्का सांगते. "आणि काम थांबलं ते थांबलंच. म्हणे, अजून वेळ आली नाही. हाग्गयाकडे ना फौज, ना गादी. तो नुसता हात धुऊन मागे लागला. डोंगरावर जा, लाकडं आणा, देव बरोबर आहे. शेवटी उठले बाई सगळे."

खरंच, माणसं दगड उचलतायत. बाजूला काही म्हातारे मात्र रडतायत.

"यांना काय झालं?"

"पहिलं मंदिर बघितलंय ना यांनी. त्यापुढे हे काहीच नाही. तुमचंही तेच. सणाची ती जुनी गर्दी आठवते, म्हणून चार माणसांची मशीद तुम्हाला बघवत नाही."

हननेल चिडतात. "अगं, पण दहा नाहीत ना आपल्यात."

"दहा लागतात ते सेफेर काढून वाचायला. दार उघडायला, दिवा लावायला किती लागतात हो?"

दहा नाहीत म्हणून मशिदीच्या दाराला कडी हननेलनीच घातली होती.

मिल्का एका दगडाला हात घालते. "तिकडून धरा. कंबर सांभाळून." दोघं मिळून तो भिंतीत बसवतात. भिंत गावातल्या मशिदीचीच आहे, पलीकडे खाडी दिसतेय.

"राहा ना थोडी," ते म्हणतात. "फार एकटं वाटतं गं मला."

"वाटणारच. म्हणून तर म्हणते, माणसांत बसा." ती त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसते.

जाग येते तेव्हा सून चहा घेऊन उभी आहे. ते कप घ्यायला हात पुढे करतात.

"पप्पा, हाताला काय लागलंय?"

दोन्ही तळव्यांवर दगडाची पांढरी भुकटी, पेरापेरांत बसलेली. हननेल ती पुसत नाहीत. त्याच हातांनी ठाण्याला फोन लावतात.

"रविवारी याच," ते म्हणतात. "सेफेर मिळणार नाही. जुने कपडे घालून या, कौलं चढवायचीत."