वाघदऱ्याची आग

हैदराबादेवरची लष्करी कारवाई पाच दिवसांत संपली. पण ती कशासाठी झाली यावरून पुण्यात पेटलेलं भांडण काही विझेना. सरकारपक्षाचं वर्तमानपत्र म्हणे, निजामी टोळीनं नगर जिल्ह्याच्या सरहद्दीवरचं वाघदरे गाव जाळलं. मग सैन्य धाडायचं नाही तर काय? विरोधकांचं पत्र म्हणे, सैन्य धाडायला निमित्त हवं म्हणून सरकारच्याच माणसांनी ते जाळलं. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. जाळणाऱ्यांना वाट दाखवली ती गावातल्या कासम पिंजाऱ्यानं. एकाच्या मते तो निजामाचा हेर होता, दुसऱ्याच्या मते सरकारचा हस्तक.

मी शाळामास्तर. एकच गरीब माणूस दोन्ही वैऱ्यांच्या इतका उपयोगी पडावा, हे मला खटकलं. दिवाळीची सुट्टी लागताच वळकटी बांधली आणि नगर गाठलं.

नगरहून जामखेडला जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. चढ आला की आम्ही उतारू खाली उतरून ढकलत होतो. वाटेत काही कोस कालपरवापर्यंतचा निजामी मुलूख लागतो. तिथला करोडगिरी नाका (जकातीची चौकी) ओस पडला होता. आत एक शेळी निवांत रवंथ करत बसली होती. कडा नावाच्या गावी मोटार थांबली. समोर छप्पर नसलेल्या घरात एक बाई केर काढत होती. त्या दिवशीच ती मुलाबाळांना घेऊन परतली होती.

"हिकडच्या लोकांनी निजामी टोळ्यांपायी लई सोसलं, मास्तर," कंडक्टर म्हणाला. "ह्ये पेपरातलं न्हाई. डोळ्यानं पाहिलंय."

त्याच्यावर माझा विश्वास बसला. पण इतकं खरं हाताशी असताना कोणाला वाघदऱ्याची गरज का पडावी, हे कोडं आणखी घट्ट झालं.

जामखेडहून दोन कोस चाललो. चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा शेवटचा कोस अनवाणी. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कमरेएवढी ज्वारी. आणि मग वाघदरे दिसलं. अख्खंच्या अख्खं! देऊळ, चावडी, धाब्याची घरं, सगळं जागच्या जागी. गावाच्या एका टोकाला फक्त दोन खोपटांच्या काळ्या पडलेल्या भिंती उभ्या होत्या, आणि आत गवत माजलं होतं.

पाटलांनी पाणी दिलं. मी आगीचं विचारताच त्यांनी उलट विचारलं, "तुमी कोन्च्या पक्षाचं?"

"कोणत्याच नाही."

"मंग कशाला आलासा?" त्यांना माझाच संशय आला. शेवटी म्हणाले, "पैले आले त्यांना एक कागद दिला. दुसरे आले, त्यांना दुसरा दिला. त्यांनी लिवून आनलं हुतं, आमी सही केली. काय झालं, ह्ये कुनी इचारलंच न्हाई."

संध्याकाळी ठकूबाई कुंभारणीनं मला जेवायला बोलावलं. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची रश्शातली कडबोळी) तिनं माझ्या पानात वाढले. मग ती भिंतीशी टेकली.

"माझ्या आव्याची (मडकी भाजायची भट्टी) ठिनगी हुती, मास्तर. वैशाखाचं वारं. कडब्याच्या गंजीला लागली, मंग खोपटांना. गाव मला जित्ती सोडनार न्हाई म्हनून मी गप ऱ्हायले. पुढारी आले, म्हनले, शत्रूनं जाळलं. म्हनलं, बरं झालं, माझ्यावरचं टळलं. कासमभाईवर जाईल, त्याला गाव सोडावं लागंल, ह्ये काय ठावं?"

मी तिच्यावरही संशय घेतला. कासमला वाचवायला तर रचत नसेल? सकाळी तिचा आवा पाहिला. तिथून खोपटं वीसेक पावलांवर, आणि आव्याच्या बाजूची भिंतच सगळ्यांत जास्त भाजलेली होती.

"हे चावडीवर सांगाल?"

 ती पदर खोचून माझ्यापुढे चालू लागली. चावडीवर दहा-बारा जणांसमोर तिनं सगळं सांगितलं आणि माझ्या कागदावर अंगठा उमटवला. कोणी ओरडलं नाही. पाटील तेवढे म्हणाले, "आता ह्ये तिसरं झालं."

निघताना ती म्हणाली, "कासमभाई नगरला गेलाय, त्याला म्हनावं, घराला कुलूप हाय, किल्ली माझ्यापाशी. ये."

कासमभाई नगरात एका बोळात गादीचा कापूस पिंजताना सापडला. मी निरोप सांगितला. धनुकलीची तार थांबली.

"ठकूबाईवर राग न्हाई," तो म्हणाला. "पर मला कुनी मारून न्हाई घालवलं, साहेब. बिऱ्हाड घिऊन भर दुपारी निघालो. सगळी दारात हुती. कुठं चाललास, असं एकानंबी इचारलं न्हाई. मंग आता कुनाकडं जाऊ?" पुन्हा धनुकली उचलत म्हणाला, "आन् माझं नाव नका छापू. खरं छापा न्हाईतर खोटं, लोकांना नावच ध्यानात ऱ्हातं."

म्हणून इथे त्याचं नाव, आणि गावाचंही, मी बदललेलं आहे.

पुण्याला परतून मी एकच हकिगत दोन्ही पत्रांना पाठवली. दोघांनीही ती छापली. सरकारपक्षाच्या पत्रात आलं: आग सरकारनं लावली हा आरोप खोटा. विरोधकांच्या पत्रात आलं: टोळीनं गाव जाळलं हे निमित्त खोटं. दोन्ही वाक्यं माझीच, दोन्ही खरी. पिंजारा निर्दोष आहे, हे वाक्य मात्र दोन्हीकडे गाळलेलं.

आता ओळखीचे लोक वाटेत अडवून विचारतात, "तुम्ही स्वतः जाऊन आलात ना?" मी सांगायला लागतो. आपल्या बाजूचं तेवढं ऐकून झालं की ते समाधानानं मान हलवतात आणि चालू लागतात.