थोरलीचे चार बिघे

भूमापन कार्यालयात तिला सगळे दशांशबाई म्हणत. बाकीचे मोजणीदार आकडा जवळच्या मीटरला टेकवून मोकळे व्हायचे. ही मात्र दशांशचिन्हापुढचे तीन आकडे लिहिल्याशिवाय नकाशावर सही करत नसे. नवरा शिंपी. तो म्हणायचा, "मी बोटभर चुकलो तर शर्ट उसवून पुन्हा शिवतो. तुला ती सोय नाही, तेव्हा चालू दे तुझं." इतक्या वर्षांच्या नोकरीत तिची एकही मोजणी परत आली नव्हती. हे ती स्वतः कधी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक असावं असं तिला वाटायचं.

त्या सकाळी तिचा फोन वाजला. गावाबाहेरच्या एका बागेची दोन बहिणींतली वाटणी तिने मागच्याच महिन्यात मोजून दिली होती. त्या बागेतून गवंडी बोलत होता.

"बाई, लवकर या. भिंतीच्या पायासाठी चर खणलाय, त्यात धाकटी उतरून बसलीय. थोरली म्हणतेय, ओता काँक्रीट."

ती स्कूटर काढून तडक निघाली. बागेत मिक्सर घरघरत होता. मजूर फावड्यांवर रेलून दुसरीकडे पाहण्याचं नाटक करत होते. कमरेएवढ्या चरात धाकटी मांडी घालून बसली होती, आणि काठावर थोरली हातात नकाशा घेऊन उभी होती.

"आलात? आता तुम्हीच सांगा हिला," थोरली म्हणाली. "सही तुमची आहे ना?"

सही तिचीच होती. वडिलांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं : पश्चिमेच्या कुंपणापासून चार बिघे थोरलीला, उरलेली बाग धाकटीला. मोजल्यावर बाग भरली, दशांश सोडून सांगायचं तर, सतरा हजार सहाशे चौरस मीटर. कार्यालयातल्या तक्त्यात एक बिघा म्हणजे अडीच हजार चौरस मीटर. चार बिघ्यांचे दहा हजार झाले, उरले सात हजार सहाशे. हिशेब सरळ होता. तिने रेघ मारली होती.

"बाई," धाकटी खालूनच बोलली, "बाबा आम्हा दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातून शिवून घ्यायचे. हिला जास्त आणि मला कमी, असं त्यांनी एकदा तरी केलं का, विचारा हिला."

थोरलीने मान फिरवली. "बाबांनी लिहिलंय ते लिहिलंय."

दशांशबाई तोंड उघडणार, तेवढ्यात काहीतरी अडलं. ज्याने मुलींत कधी डावं-उजवं केलं नाही, तो माणूस 'उरलेली बाग' असं कधी लिहील? उरलेलंही तेवढंच आहे अशी खात्री असेल तेव्हाच. म्हणजे त्याच्या लेखी बाग आठ बिघ्यांची होती. तिने मनातल्या मनात भागाकार केला. बावीसशे. एक बिघा बावीसशेचा.

पूर्वी जमीन काठीने मोजत. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा. आणि काठीची लांबी ठरायची हातांवर नि मुठींवर. जसा मुलूख तशी काठी. हे ती शिकली होती, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. कामाला लागल्यावर मात्र तक्ता हाताशी होता, आणि तिने इथली काठी केवढी असं कुणाला विचारलंच नव्हतं.

"मिक्सर बंद करा," ती गवंड्याला म्हणाली.

"बंद?" थोरली ओरडली. "माल घट्ट होईल! सही तुमची, आणि तुम्हीच—"

"माझीच आहे. म्हणूनच थांबवतेय."

बागेपलीकडच्या रोपवाटिकेच्या मालकाने जुन्या खरेदीखताने दोन बिघे घेतले होते आणि त्याचे कोपऱ्याचे दगड कधीच हलले नव्हते. त्याला विचारून तिने मोजणीचं यंत्र तिथे नेलं. थोरली एक पाऊल मागे राहून तिच्याबरोबर कोपऱ्याकोपऱ्याला फिरली. आकडा आला चव्वेचाळीसशेच्या आसपास. तक्त्याप्रमाणे यायला हवे होते पाच हजार. तिने शेजारचा आणखी एक जुना तुकडा मोजला. तिथेही बिघा बावीसशेचाच निघाला. इथली काठी तक्त्यातल्या काठीपेक्षा दोन मुठी आखूड होती.

तिने साहेबांना फोन लावला. झालेली चूक सांगितली.

"दिलेला नकाशा मागे घेतेस? बढतीची यादी निघायचीय, माहितेय ना?"

"माहितेय, साहेब."

मग ती थोरलीकडे वळली. "ताई, तुमचे चार बिघे आठ हजार आठशेचे. रेघ मागे येईल."

"मागे म्हणजे? तिथे माझी पंपाची खोली आहे. विटा मी स्वतः वाहिल्यात." थोरलीचा आवाज चिरकला. "म्हणजे चोर मी?"

"कुणीच नाही. चूक माझी आहे."

"तुमची चूक, आणि खोली माझी जाणार!"

दशांशबाईने उभ्या उभ्याच नकाशावर 'रद्द' लिहून सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

धाकटी उठली, पण पायाला मुंग्या आल्या होत्या, ती चरातच कोलमडली. थोरलीचा हात पुढे झाला आणि तसाच मागे गेला. शेवटी गवंड्याने तिला वर ओढलं.

नवी रेघ पडली. खोली राहू दे, असा धाकटीने निरोप पाठवला. थोरलीने तो ऐकून घेतला आणि खोली पाडून विटा आपल्या हद्दीत रचून ठेवल्या. दशांशबाईला ताकीद मिळाली, बढती दुसऱ्याला गेली. जुना कागद हाती आला की ती आधी आजूबाजूचे तुकडे मोजायला लागली. काम रेंगाळतं म्हणून साहेब कुरकुरायचे.

पुढच्या उन्हाळ्यात थोरली अर्ज घेऊन कार्यालयात आली. दशांशबाईने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"माझ्या वाट्यात कुंपण घालायचंय. मोजणी हवी. मीटरमध्ये. बिघ्याचं नाव नको."

"दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

थोरलीने अर्जाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"तुम्हीच या. आणि धाकटीलाही कळवा. तिच्यासमोर झालेलं बरं."