कापऱ्या अक्षरांची फॅशन

हात कापायला लागला की माणसाला वाईट वाटतं. आपल्या ओळंब्याला आनंद झाला. म्हणजे लगेच नाही झाला; आधी सहा महिने तो रीतसर कुढला, बायकोवर खेकसला, देवाला नाही नाही ते बोलला. आनंद नंतर झाला, आणि त्या आनंदानेच त्याचा घात केला.

ओळंबा म्हणजे गवंड्याकडे असतो तो, दोरीच्या टोकाला बांधलेला लोखंडी लट्टू. भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्याने बघतात. ज्या म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली हा शिकला त्यानेच हे नाव ठेवलं, आणि तेच चिकटलं. बाकीचे पेंटर दुकानाची पाटी रंगवायच्या आधी खडू फासलेल्या दोरीने रेघा मारून घेत, मनगटाखाली काठी टेकवत, आणि एवढं करूनही शेवटची दोन अक्षरं फळीच्या कडेला चेंगरत. हा पठ्ठ्या रिकाम्या फळीसमोर दोन मिनिटं नुसता उभा राहायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा, आणि एकदा ब्रश टेकवला की अक्षर पुरं झाल्याशिवाय उचलायचा नाही. उभी रेघ अशी, की खवचट माणसाने पट्टी लावून बघावी आणि पट्टीच वाकडी निघावी. पेठेतल्या शिंप्याची, औषधवाल्याची, चष्मेवाल्याची, सगळ्यांची पाटी त्याच्या हातची. रस्त्यावरून जाताना तो दुकानांकडे बघायचा नाही, आपल्या अक्षरांकडे बघायचा. बायको म्हणायची, "अहो, समोर बघून चाला. अक्षरं कुठे पळून जात नाहीत."

पण गेली की पळून! कॉम्प्युटर आले, पाट्या कापडासारख्या वारावर छापून मिळायला लागल्या. तासाभरात पाटी तयार, वर मालकाचा हसरा फोटो फुकट. कोण थांबतंय मग तेलाचा रंग वाळेपर्यंत? ओळंबा काही वर्षं पाण्याच्या टाक्यांवर आकडे आणि फाटकांवर 'गाडी लावू नये' लिहीत राहिला. मग तेही थांबलं. ब्रशांना तेल लावून त्याने ते डब्यात ठेवले, आणि बारा वर्षं दर महिन्याला ते पुसून, पुन्हा तेल लावून, पुन्हा डब्यात ठेवत राहिला. कशासाठी, ते त्याला विचारायची सोय नव्हती.

त्रेसष्टाव्या वर्षी उजवा हात कापायला लागला. आधी अंगठा, मग मनगट. डॉक्टरांनी त्याला लांबलचक व्हरांड्यात चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि सांगितलं, कंपवात. गोळी दिवसातून चार वेळा, घड्याळ बघून. "गोळी पोटात असेपर्यंत हात बऱ्यापैकी शांत राहील," डॉक्टर म्हणाले, "पण एक लक्षात ठेवा. स्वतःच्या मनाने कमी करायची नाही, बंद तर मुळीच करायची नाही. ही काही डोकेदुखीची गोळी नव्हे. बंद केलीत तर अंग लाकडासारखं होईल." बायकोने हे शब्द पदराला गाठ मारल्यासारखे जपले.

आणि मग एका दुपारी दारात ती बाई आली.

तिशीही न उलटलेली, दंडावर गोंदलेलं, गळ्यात चष्म्याची दोरी. तिचा डिझाइनचा स्टुडिओ होता: डबे, बाटल्या, पुडे यांच्यावरची अक्षरं आणि चित्रं करून द्यायचा. बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानावरची पाटी तिने बघितली होती, कोपऱ्यातली बारीक सही वाचली होती, आणि विचारत विचारत घर गाठलं होतं. "काका, माझ्यासाठी एक शब्द लिहाल? आत्ता?"

दुपारच्या गोळीची वेळ टळून गेली होती. बायको शेजारणीकडे होती. ओळंब्याने डबा उघडला, कागद पसरला, आणि लाजेने मेल्याहून मेला. उभी रेघ लटलट कापत खाली आली. गोलाला कंगोरे पडले. तो कागद चुरगळणार, तोच बाईने झडप घालून उचलला.

"काका! हे तर भन्नाट आहे!"

"थट्टा करता का गरिबाची?"

"थट्टा कसली? गेली आठ-दहा वर्षं सगळ्यांनी एकसारखी अक्षरं केली हो. बारीक, सपाट, गुळगुळीत. साबणवाला, बँकवाला, चपलावाला, सगळी एका आईची लेकरं. आता तर यंत्राला नुसतं सांगितलं की ते चित्रही काढून देतं, तेही लोण्यासारखं गुळगुळीत. लोक विटलेत. त्यांना माणसाचा हात बघायचाय. डगमगलेला, चुकलेला. सगळीकडे आता हेच चाललंय. ही तुमची मुद्दाम काढलेली ढब आहे ना?"

आता इथे त्याने खरं सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं: आजार आहे. पण बारा वर्षांनी कोणीतरी त्याच्या अक्षराकडे डोळे विस्फारून बघत होतं. बारा वर्षं! "हो," ओळंबा म्हणाला, "जुनी पद्धत आहे आमची."

जॅमच्या बाटलीवर ते अक्षर छापून आलं. मग पावावर, मग अंगाच्या साबणावर. दुकानातल्या फळीवर आपल्या हातची अक्षरं ओळीने उभी बघून तो अर्धा तास तिथेच घुटमळला. दुकानदाराला वाटलं म्हातारा काहीतरी उचलतोय.

दुसऱ्या वेळी तो स्टुडिओत गेला तो वेळेवर गोळी घेऊन, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. हात शांत होता. काचेच्या मोठ्या टेबलावर त्याने रेघ ओढली आणि ती जुनी रेघ उतरली, तीच, पट्टीला लाजवणारी. आयुष्यातल्या चांगल्या पाच-दहा अक्षरांतलं ते एक होतं. त्याचे डोळे भरून आले. त्याने मान वर करून बाईंकडे बघितलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग जपून म्हणाल्या, "काका, छान आहे. पण जरा... कॉम्प्युटरने काढल्यासारखं वाटतंय. मागच्यासारखा हात येईल का?"

त्या क्षणी त्याला जे वाटलं ते मी नाही सांगू शकत. ज्या यंत्राने त्याच्या पोटावर पाय दिला, त्याचंच म्हणून त्याचं उत्तम अक्षर बाजूला सारलं गेलं. तो उठून गेला असता तर वाचला असता. पण तो बसून राहिला. कॉफी प्यायला, वरणभाताच्या डब्यासारखं दिसणारं ते कॉफीचं मशीन बघत बसला, आणि पुढच्या गोळीची वेळ त्याने जाऊ दिली. चारच्या सुमाराला मनगट हललं. तो लिहायला बसला आणि स्टुडिओतली सगळी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. हुशार माणूस, एवढं कळायला त्याला दुसरी शिकवणी लागली नाही.

तेव्हापासून कामाच्या दिवशी गोळी बेसिनमध्ये. पाकीट रिकामं होत होतं, त्यामुळे बायकोची मोजणी बरोबर यायची. फक्त हात बरोबर येत नव्हता.

"अहो, गोळी घेतलीत ना? मग हा हात का नाचतोय?"

"लागू पडत नाही आता."

बायको बिचारी डॉक्टरांकडे धावली. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. वाढवलेली गोळीही बेसिनमध्ये गेली. पाय घासत चालायला लागला, आवाज खोल गेला, चेहरा हलेनासा झाला. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. बायकोने एकदा सरळ हात जोडले. "मला तुमच्या साबणाचं कौतुक नाही. हुरळली मेंढी, लागली लांडग्यामागे, तसं चाललंय तुमचं. काय ते खरं सांगा."

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "लोक बघतायत अगं माझं अक्षर."

तिने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. बारा वर्षं ब्रशांना तेल लावताना तिनेच त्याला बघितलं होतं.

मग भिंतीचं काम आलं. एका नव्या कॉफीच्या दुकानाची आतली अख्खी भिंत, त्यावर दुकानाचं नाव, माणसाच्या उंचीची सहा अक्षरं. बाई लिहितानाचा व्हिडिओ करणार होत्या. आता लोकांना नुसतं अक्षर पुरत नाही, अक्षर काढणारा हातही दिसावा लागतो. ओळंब्याने ठरवलं, एवढ्या मोठ्या अक्षरात कंपही ठसठशीत दिसला पाहिजे. चार दिवस त्याने एकही गोळी घेतली नाही. एकही नाही. आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? मला त्याचा राग येतो, आणि लगेच कीवही येते.

दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकली होती, छातीइतक्या उंचीवर. पोरांनी त्याला हात धरून चढवलं. कॅमेरा चालू. पहिली तीन अक्षरं झाली. थरथरती, भली मोठी, आणि खाली सगळे माना वर करून उभे. चौथ्या अक्षरासाठी पाऊलभर उजवीकडे सरकायचं होतं. पाऊल उचलेना. फळीला खिळे मारून ठोकल्यासारखे दोन्ही पाय जागीच. त्याने स्वतःला मनातल्या मनात शिवी हासडली. अंग पुढे गेलं, पाय मागे राहिले.

खुब्याचं हाड मोडलं.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले. आता गोळ्या नर्स स्वतः समोर उभी राहून देत होती, पण इतक्या दिवसांचं नुकसान गोळीच्या हुकमाने भरून निघत नाही. "हात कितपत चालतोय बघू," म्हणत त्यांनी कागद आणि पेन दिलं. "काहीही लिहा. एक ओळ."

ओळंब्याने लिहिलं: 'दुकान चालू आहे'. हजारदा लिहिलेली पाटी. पहिलं अक्षर तांदळाएवढं आलं, पुढचं त्याहून लहान, त्यापुढचं त्याहून लहान, आणि शेवटचं तर खसखशीसारखं. सगळी ओळ उजवीकडे घसरत गेली. त्याने मोठं लिहायचा जीव तोडून प्रयत्न केला होता. डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले आणि कागद खाटेजवळच्या कपाटावर ठेवून पुढच्या खाटेकडे वळले. ते अक्षर नव्हतं. तो थरथरला तेव्हाही अक्षर त्याचंच होतं, कंप फक्त वरून बसला होता; यात तो स्वतः कुठेच नव्हता. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

संध्याकाळी बाई आल्या. बायकोने त्यांना दारातच गाठलं, आणि गोळ्या, बेसिन, चार दिवस, सगळं सांगितलं. तिला आता हे सगळं माहीत होतं. भूल उतरताना तोच बरळला होता. बाई आत आल्या त्या रडतच. खोटं रडणं नव्हतं ते. "काका, मला सांगायचं होतंत हो. मी कशाला असं होऊ दिलं असतं?" त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्याला बरं वाटलं. कुणाला तरी आता खरं माहीत होतं, लपवायचं काही उरलं नव्हतं. बारीक आवाजात तो म्हणाला, "तुमची चूक नाही, बाई."

बाईंनी डोळे पुसले. पुसता पुसता त्यांची नजर कपाटावरच्या कागदावर गेली. त्यांनी तो उचलला. खिडकीशी नेला. उजेडात तिरपा धरला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "हे किती खरं आहे. असं कोणालाच जमणार नाही. फोटो काढू मी याचा?"

ओळंब्याला नाही म्हणायचं होतं. बाई, ते अक्षर नाही, तो आजार आहे, फाडून टाका तो कागद. सगळं वाक्य डोक्यात तयार होतं, सरळ रेघेत. पण या आजारात शब्द डोक्यातून ओठापर्यंत यायला वेळ लागतो, आणि आवाज घशातच बसतो. ओठ सुटेपर्यंत फोनचा दोनदा आवाज झाला होता. न हललेल्या चेहऱ्याकडे बघून बाईंना वाटलं, काका तयार आहेत.

"थँक्यू काका. लवकर बरे व्हा." कागद जागच्या जागी ठेवून, बायकोच्या खांद्याला हात लावून त्या निघून गेल्या.

त्याचे ओठ अजून हलत होते. बायको खाली वाकली, कान त्याच्या तोंडाशी नेला. "काय म्हणत होतात?"

"नाही म्हणत होतो," ओळंबा म्हणाला. "त्यांना... नाही म्हणत होतो."

बायको तशीच अनवाणी उठली आणि जिन्यापर्यंत धावली. बाई गेल्या होत्या.