नाव आल्याशिवाय कवन संपत नाही

लढाई संपली आणि मला रजा मिळाली. आघाडीवर एका अमेरिकन लॉरी ड्रायव्हरशी माझी दोस्ती जमली होती. मायदेशी जायला त्याला बोट मिळेना, म्हणून त्याला घेऊन मी उंब्रजजवळच्या आमच्या गावी निघालो. गडी कवी होता. बाप मक्याची शेती करणारा. त्याला पोराच्या कविता म्हणजे रिकामटेकडे उद्योग वाटायचे. मासिकवाल्यांनीही त्या साभार परत केलेल्या. आता घरी गेलो की लिहिणं बंद, मका लावणार, असं त्यानं गाडीत सांगितलं तेव्हा मला रागच आला. चारचौघांत त्यानं आजवर एकही कविता वाचली नव्हती. म्हटलं, एकदा आमच्या गावापुढं वाच, मग काय वाटेल ते कर. तो कबूल झाला, पण गाव गप्प बसलं तर हा विषय कायमचा संपला, असं बजावून.

माझे चुलते कलगीच्या फडाचे शाहीर. पाहुणा कवी आहे म्हटल्यावर त्यांनी संध्याकाळी देवळापुढं सगळं गाव गोळा केलं. पाहुण्यानं बापाच्या म्हाताऱ्या घोडीवरची कविता काढली. तो एक ओळ वाची, मी तिचा अर्थ मराठीत सांगे. बर्फात घोडीला चालवेना तेव्हा बाप तिच्यापुढं चालून वाट करून देतो, इथं बायकांनी डोळ्याला पदर लावला. मी मनातल्या मनात मिशीवर ताव दिला.

कविता संपली आणि कुणी हूं की चूं करेना. सगळे नुसते त्याच्या तोंडाकडं बघत बसले. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. त्याचा पडलेला चेहरा बघून मला माझ्याच गावाची लाज वाटली. तेवढ्यात चुलते म्हणाले, "आवं सायेब, थांबला का? म्होरं म्हना की."

संपली म्हणून मी सांगितलं.

"संपली कशी? नाव कुटं आलंय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. नाव आलं की कवन पुरं, मग डफावर थाप आणि वाहवा. बिचारं गाव नावाची वाट बघत ताटकळलं होतं. मी हे इंग्रजीत समजावल्यावर पाहुणा म्हणाला, आमच्यात नाव वर छापलेलं असतं. चुलत्यांना ते मुळीच पटलं नाही.

"कागदाचं ऱ्हाऊ द्या. घोडी कुनाची, बा कुनाचा, ह्ये त्येनं सोताच्या तोंडानं सांगावं."

तो लाजून लालबुंद झाला. मग उभा राहिला, शेवटची ओळ पुन्हा म्हटली, तिला आपलं नाव जोडलं आणि जरा थांबून बापाचंही. चुलत्यांनी डफ कडाडवला आणि अख्ख्या गावानं ती दोन नावं, जमतील तशी मोडून-तोडून, झेलली. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि डोळेही भरून आले.

सकाळी बैलगाडीतून कऱ्हाड स्टेशनला जाताना मी विचारलं, मक्याचं काय ठरलं?

"मका लावीन," तो म्हणाला. "पण लिहिणं आता कसं सोडू? तुझ्या गावापुढं बापाचं नाव सांगून बसलोय."