दसऱ्याचं कुंकू आणि लांजीची लाइन

लांजी रोडच्या कडेनं टेलिफोनची केबल टाकायची होती तेव्हा नाली खोदायला माझे बाबा होते आणि माती उचलायला आई. धान कापून झालं की दुसरं काम नव्हतं; घरात दोन्ही वेळा पेज. बाबा म्हणायचे, "काचेची तार हाय म्हणते. त्यातून बोलणं जाते."

"जाऊ द्या," आई म्हणे. "आपल्याले कोनाशी बोलाचं हाय?"

त्या मजुरीवर मी बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली. मग त्याच केबलच्या बालाघाटकडच्या टोकाला, टेलिफोन ऑफिसात, कंत्राटावर लागले. काम तक्रारी लिहिण्याचं. मला जायचं होतं यंत्रांच्या खोलीत, आणि तिथंच मनाई. का, तर धूळ जाते. धुळीला इतका मान मी पहिल्यांदाच पाहिला.

भंगारात एक जुना कॅटलॉग सापडला. त्यात काचेच्या तारेला लावायच्या टोकांची चित्रं होती: आट्यांचा गोल एफसी, टक्कन बसणारा चौकोनी एससी, आणि शंकूसारखा निमुळता बायकोनिक, जो आमच्या ऑफिसात कोणी बापजन्मी पाहिला नव्हता. मला नेमकं त्याचंच वेड लागलं. मी कॅटलॉग घरी नेऊन वाचायची.

"काहून वाचून राह्यली वो? परीक्षा हाय का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

मी पान उलटलं.

दसऱ्याला ऑफिसात हत्यारांची पूजा झाली. पेचकस, पकडी, आणि यंत्राला तार जोडायच्या, कपाटातल्या जादा जोडकेबली. जुने लाइनमनकाका टोकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढू लागले.

"काका, टोप्या राहू द्या न."

"देवासमोर टोपी घालून बसते का कोनी?" म्हणत त्यांनी प्रत्येक टोकाला कुंकू लावलं आणि टोप्या परत चढवल्या. साहेबांनी नारळ फोडला. मी प्रसाद खाल्ला आणि तक्रारी लिहायला बसले.

चार दिवसांनी लांजीची लाइन गेली. उंदरानं जोडकेबल कुरतडली होती. साहेबांनी कपाटातली जादा केबल लावली, पण बोलणं वाहून नेणारा उजेड पलीकडे पोचेना. दुसरी लावली, तेच.

"नाली में ही कुछ गड़बड़ है," साहेब म्हणाले. "काम ही कच्चा किया होगा लोगों ने."

ते ऐकून माझ्यानं राहवलं नाही. दारातून म्हटलं, "सर, सिरा पोंछकर देखिए."

"टोपी लगी थी उस पर."

"दशहरे के बाद लगी थी, सर."

काका पंख्याकडे पाहू लागले. साहेब म्हणाले, "तो आप ही पोंछिए."

मी चपला काढून आत गेले. स्पिरिटनं दोन्ही टोकं पुसली; फडकं लाल झालं. केसाहून बारीक उजेडाच्या वाटेत कुंकवाचा एक कण म्हणजे धोंडाच. टोकं परत लावली आणि लांजी बोलू लागली. तक्रारीच्या रजिस्टरात साहेबांनी मला लिहायला लावलं: तांत्रिक बिघाड.

"पाह्य पोरी," काका म्हणाले, "पूजा वाया नाही गेली. देवानं तुले आत आणलंच न?"

घरी सारं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे नालीत काही खोट नव्हती?"

"नाही बाबा. नाली पक्की होती."

बायकोनिक मी आजवर पाहिलेला नाही. पण खात्याच्या भरतीची परीक्षा मी पुढच्याच वर्षी पास झाले आणि त्याच खोलीत कायम नोकरीला लागले.